पेट्रोलचा भाव ठरतो कसा आणि कच्चं तेल येतं कुठून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेट्रोलवर वाद घालणाऱ्यांचे साधारण दोन गट असतात. एक म्हणतो, सगळं आखातातल्या देशांच्या हातात आहे. दुसरा म्हणतो, सगळी सरकारची लूट आहे. लिटरमागचा हिशेब मांडून बसलं की दोघांचंही थोडं खरं आणि थोडं चूक निघतं, म्हणून इथे शक्य तिथे हिशेबच दिला आहे. वेगळं सांगितलं नसेल तर आकडे २०२५ मधल्या मुंबईचे समजावेत. पुढे भाव बदलले तरी हिशेबाची रीत हीच राहील.

मुंबईत लिटरला १०३ रुपये ५० पैसे दिले, तर ते कुणाकुणाला जातात?

ढोबळ मानाने असे. तेल कंपनी पंपाला पेट्रोल देते त्याची किंमत ५२ रुपयांच्या आसपास. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क २१ रुपये ९० पैसे. पंपचालकाचं कमिशन सव्वाचार-साडेचार रुपये. या सगळ्याची बेरीज ७८-७९ रुपये होते. आता राज्य या बेरजेवर २५ टक्के व्हॅट लावतं आणि वर लिटरला ५ रुपये १२ पैसे अधिभार घेतं. म्हणजे राज्याचे जवळपास २५ रुपये झाले.

राज्याचा व्हॅट केंद्राच्या शुल्कावरही लागतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. दिल्लीने शुल्क एक रुपयाने वाढवलं तर आपल्या खिशातून सव्वा रुपया जातो, वरचा पाव मुंबईच्या तिजोरीत. केंद्राने शुल्क कमी केलं की राज्याचं उत्पन्नही आपोआप घटतं, म्हणून अशा वेळी राज्यांचा सूर फारसा आनंदाचा नसतो.

केंद्र आणि राज्य मिळून साधारण ४६-४७ रुपये, म्हणजे एकूण भावाच्या ४५ टक्के. "निम्म्याहून जास्त कर" हे वाक्य २०२० मध्ये अगदी खरं होतं. आता ते थोडं वाढवून सांगितलेलं आहे.

आणि त्यात कच्च्या तेलाचे किती?

एका बॅरलमध्ये १५९ लिटर असतात. बॅरल ६८ डॉलरला आणि डॉलर ८६ रुपयांना धरला तर लिटरभर कच्चं तेल ३७ रुपयांच्या आत पडतं. हा भागाकार लक्षात ठेवावा: डॉलरचा भाव गुणिले रुपयाचा दर, भागिले १५९. बातमीत "क्रूड भडकलं" असं आलं की मोबाइलवर करून बघता येतो. बॅरल पाच डॉलरने महागलं तर लिटरला पावणेतीन रुपये वाढतात. भारी-स्वस्त काय ते यावरून कळतं.

२०१४ मध्ये क्रूड १०५ डॉलरच्या वर होतं तेव्हा पेट्रोल ८० रुपये. मग ते ६८ डॉलरला आल्यावर १०३ कसं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा अर्धंच दिलं जातं.

२०१४ च्या उन्हाळ्यात डॉलर ६० रुपयांना होता. तेव्हाचा भागाकार करा: १०६ गुणिले ६०, भागिले १५९, झाले ४० रुपये. आताचे ३७. डॉलरमध्ये क्रूड तिसऱ्या हिश्शाहून जास्त उतरलं, पण रुपयाही जवळपास तेवढाच घसरला, त्यामुळे रुपयांत लिटरमागे जेमतेम तीन रुपयांचा फरक पडला. आपण तेल डॉलरमध्ये घेतो आणि पगार रुपयांत. म्हणजे स्वस्ताईचा मोठा घास रुपयाच्या घसरणीने खाल्ला.

उरलेलं उत्तर करात आहे. २०१४ मध्ये केंद्राचं शुल्क लिटरला ९ रुपये ४८ पैसे होतं, २०२५ मध्ये २१ रुपये ९० पैसे. म्हणजे एकट्या त्यातच साडेबारा रुपयांची वाढ. राज्याचा वाटा वाढला, पंपाचं कमिशनही वाढलं. "रुपया घसरला म्हणून" हे सरकारी उत्तर आणि "कर वाढवले म्हणून" हे विरोधकांचं उत्तर, दोन्ही बरोबर आहेत. फक्त दोघेही आपलाच अर्धा भाग सांगतात.

क्रूड कोसळतं तेव्हा पंपावरचा भाव का उतरत नाही?

एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदी, रस्ते ओस, जगभर तेलाला गिऱ्हाईक नाही. भारत घेतो त्या तेलाची सरासरी २० डॉलरपर्यंत उतरली. वरचा भागाकार केला तर लिटरभर कच्चं तेल दहा रुपयांच्या आत, बिसलेरीच्या बाटलीहून स्वस्त.

पंपावर मात्र काहीच उतरलं नाही. केंद्राने मार्चमध्ये पेट्रोलवरचं शुल्क ३ रुपयांनी आणि मेमध्ये तब्बल १० रुपयांनी वाढवलं, ते ३२ रुपये ९८ पैशांवर गेलं. राज्यानेही वर दोन रुपये चढवले. १६ मार्चपासून कंपन्यांनी रोजचा भावबदल ८२ दिवस थांबवून ठेवला आणि ७ जूनपासून भाव चढायला लागले. उतरणीचा सगळा फायदा तिजोरीने घेतला. सरकारची बाजूही होती: महसूल आटला होता, आरोग्यावर आणि रेशनवर खर्च वाढला होता. पण पुढे क्रूड परत चढलं तेव्हा वाढवलेलं शुल्क तसंच राहिलं आणि २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोल शंभरीपार गेलं. नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्राने ५ रुपये आणि मे २०२२ मध्ये ८ रुपये कमी केले. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्याने ५ रुपये उतरवले.

एप्रिल २०२५ मध्ये हेच छोट्या प्रमाणावर झालं. क्रूड उतरलं, केंद्राने २ रुपये शुल्क वाढवलं आणि पंपावरचा भाव जागचा हलला नाही. वाढ झाली हेसुद्धा गिऱ्हाइकाला कळलं नाही, कारण ती त्याला मिळू शकणाऱ्या कपातीतून कापून घेतली होती.

पण भाव तर रोज सकाळी सहाला बाजाराप्रमाणे बदलतो ना?

कागदावर, हो. २००२ पर्यंत सरकारच भाव ठरवत असे. मग ती पद्धत मोडीत काढली, पण प्रत्यक्षात लगाम सुटला नाही. जून २०१० मध्ये पेट्रोलचा आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचा भाव कंपन्यांवर सोपवला. आधी पंधरवड्याने बदल होत. १६ जून २०१७ पासून देशभर रोज सकाळी सहाला नवा दर सुरू झाला.

आता तारखा बघा. ४ नोव्हेंबर २०२१ पासून २१ मार्च २०२२ पर्यंत भाव गोठलेला होता. मधल्या काळात उत्तर प्रदेशासह पाच राज्यांच्या निवडणुका झाल्या, युक्रेन युद्ध पेटलं आणि क्रूड शंभरीपार गेलं. निकाल लागले, २२ मार्चपासून भाव चढायला लागला आणि दोन आठवड्यांत लिटरमागे १० रुपये वाढले. ६ एप्रिल २०२२ नंतर कंपन्यांनी पुन्हा हात आखडला. त्यांची पुढची ठळक हालचाल म्हणजे मार्च २०२४ मधली २ रुपयांची कपात, लोकसभा निवडणूक जाहीर व्हायच्या उंबरठ्यावर. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिन्ही सरकारी कंपन्या आहेत आणि देशातले बहुसंख्य पंप त्यांचे आहेत. कुणी लेखी हुकूम दिला असं कधी दिसत नाही. तशी गरजही नसते.

भाव गोठवला तर तोटा कोण सोसतं?

आधी कंपन्या, मग पुढच्या वर्षी आपण. एप्रिल ते सप्टेंबर २०२२ या सहामाहीत तिन्ही कंपन्यांना मिळून २१ हजार कोटींहून जास्त तोटा झाला. क्रूड उतरल्यावर त्यांनी भाव तसाच ठेवला आणि २०२३-२४ मध्ये सुमारे ८१ हजार कोटी नफा कमावला.

खासगी पंपांची यात पंचाईत होते. शेजारचा सरकारी पंप तोट्यात विकतोय म्हटल्यावर त्यांच्याकडे कोण जाणार? २००८ मध्ये रिलायन्सने याच कारणाने आपले पंप बंद केले होते.

बातम्यांतलं 'ब्रेंट' आणि 'भारतीय बास्केट' म्हणजे काय?

ब्रेंट हे उत्तर समुद्रातल्या तेलाचं नाव. जगातले बरेच सौदे त्याच्या भावाशी जोडून होतात. भारताची रिफायनरी जे तेल घेते त्यात गंधक जास्त असलेलं आखाती तेल बरंच असतं, म्हणून आपला मापदंड वेगळा: ओमान आणि दुबईच्या तेलाची सरासरी तीन हिस्से आणि ब्रेंट एक हिस्सा, साधारण या प्रमाणात. हीच भारतीय बास्केट. गंधक कमी ते 'गोड' तेल, जास्त ते 'आंबट'. गोड महाग, कारण ते साफ करायला कष्ट कमी.

अमेरिकेचा मापदंड डब्ल्यूटीआय. २० एप्रिल २०२० ला त्याचा मे महिन्याचा वायदा, म्हणजे मे महिन्यात माल उचलायचा सौदा, उणे ३७ डॉलर ६३ सेंटला बंद झाला आणि "तेल घ्या, वर पैसेही घ्या" असे विनोद फिरले. प्रकार एवढाच होता की वायदा संपत आला होता, ओक्लाहोमातल्या कुशिंगच्या टाक्या भरत आल्या होत्या आणि ज्यांच्याकडे तेल ठेवायला जागा नव्हती ते सौद्यातून सुटायला धडपडत होते. आपल्या पंपाशी त्या उणे आकड्याचा काही संबंध नव्हता.

एक बारीक गोष्ट. पंपावरचा भाव थेट क्रूडवर बेतलेला नसतो. आखाती बाजारात तयार पेट्रोल काय भावाने जातं, ते आयात केलं असतं तर काय पडलं असतं आणि निर्यात केलं असतं तर काय मिळालं असतं, यांच्या मिश्रणावर रिफायनरीचा दर काढतात. त्यामुळे क्रूड स्थिर असूनही अमेरिकेतल्या एखाद्या चक्रीवादळाने रिफायनऱ्या बंद पडल्या तर तयार पेट्रोल महागतं.

आपलं कच्चं तेल येतं कुठून?

गरजेच्या ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून. वर्षानुवर्षं इराक आणि सौदी अरेबिया पहिल्या दोन जागांवर होते, मागे संयुक्त अरब अमिराती, कुवेत, नायजेरिया आणि अलीकडे अमेरिका. इराणकडून आपण भरपूर घ्यायचो, अमेरिकी निर्बंधांमुळे मे २०१९ नंतर ते बंद झालं.

रशियाचा वाटा युक्रेन युद्धाआधी दोन टक्क्यांच्या आत होता. युरोपने पाठ फिरवल्यावर रशियाने सूट देऊन विकायला सुरुवात केली आणि २०२३-२४ पर्यंत आपल्या आयातीचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल रशियाचा झाला. याच कारणावरून ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर २५ टक्के जादा शुल्क लावलं आणि ऑक्टोबरमध्ये रोसनेफ्ट व लुकॉइल या रशियन कंपन्यांवर निर्बंध आणले.

बरंचसं तेल गुजरातच्या किनाऱ्यावर, सिक्का, वाडीनार, मुंद्रा इथे उतरतं. मोठी जहाजं धक्क्याला लागतच नाहीत. समुद्रात नांगरलेल्या तरंगत्या बोयाला नळी जोडून तेल काढून घेतात. मुंबईचं तेल बंदरातल्या जवाहर द्वीपावर, म्हणजे जुन्या बुचर आयलंडवर, उतरतं आणि तिथून समुद्राखालच्या नळांनी माहुलच्या दोन रिफायनऱ्यांत जातं. घारापुरीच्या लाँचमधून त्या बेटावरच्या टाक्या सहज दिसतात.

रशियाचं तेल स्वस्त मिळालं, तर पेट्रोल स्वस्त का झालं नाही?

सवलत मिळाली ती रिफायनरीला. वर सांगितल्याप्रमाणे विक्रीचा दर आंतरराष्ट्रीय पेट्रोलवर बेततात, रिफायनरीने क्रूड कितीला घेतलं त्यावर नाही. सरकारी कंपन्यांनी त्यातून आधीचा तोटा भरला, खासगी रिफायनऱ्यांनी निर्यातीत कमावलं. सरकारने जुलै २०२२ मध्ये निर्यातीवर आणि देशी क्रूडवर जादा कर बसवला, डिसेंबर २०२४ मध्ये काढून टाकला. मात्र भारताने रशियाचं तेल घेतलं नसतं तर उरलेल्या बाजारात जास्त खेचाखेच होऊन जगाचाच भाव चढला असता, हा युक्तिवाद उडवून लावण्यासारखा नाही.

मुंबई हाय तर आपलंच आहे. ते तेल आपल्याला स्वस्त का नाही?

मुंबई हाय आपल्या किनाऱ्यापासून पश्चिमेला १६० किलोमीटरवर. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या समुद्रात विहीर खोदणाऱ्या रिगने तिथे तेल शोधलं आणि मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. त्या वेळचं महत्त्व आज कळणं कठीण आहे. १९७३ मध्ये अरब देशांनी तेलबंदी केली होती, तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले होते आणि अशात दारात तेल सापडलं. तेल खालच्या चुनखडीच्या खडकात मुरलेलं आहे. ते काढण्यासाठी समुद्रात लोखंडी पायांवर फलाट उभे आहेत, तिथे माणसं हेलिकॉप्टरने ये-जा करतात आणि दोन-दोन आठवडे राहतात. माल नळाने उरणला येतो. काम जोखमीचं आहे: २७ जुलै २००५ ला, मुंबईतल्या त्या प्रलयाच्या दुसऱ्याच दिवशी, एक जहाज फलाटावर आदळून आग लागली आणि २२ जण गेले.

पण क्षेत्र आता म्हातारं झालंय. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला ते वर्षाला दोन कोटी टनांच्या घरात तेल देत होतं, आज त्याच्या जवळपासही नाही. खडकात पाणी दाबून भरून तेल वर ढकलावं लागतं. उतरण रोखायला हे क्षेत्र चालवणाऱ्या ओएनजीसी या सरकारी कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी या तेल कंपनीला तांत्रिक मदतीसाठी बरोबर घेतलं. राजस्थानातलं बारमेर, आसाम, गुजरात असं सगळं धरून देशाचं उत्पादन वर्षाला तीन कोटी टनांच्या आत आणि रिफायनऱ्यांची भूक त्याच्या आठ-नऊपट.

आणि ओएनजीसी हे तेल रिफायनरीला आंतरराष्ट्रीय भावानेच विकते. ते रुपयांत मिळतं, परकीय चलन वाचतं, भाव तोच.

महाराष्ट्रात जमिनीवर तेल का सापडत नाही?

आपल्या पायाखालचा काळा कातळ ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं. तेल तयार होतं ते गाळाच्या खडकात. उथळ समुद्रात सूक्ष्म जीव आणि शेवाळं मरून तळाशी बसतात, वर गाळ साचतो, प्राणवायू मिळत नाही म्हणून ते सडून जात नाहीत. काही किलोमीटर खाली साठ ते एकशेवीस अंशांच्या आसपास उष्णतेत लाखो वर्षं शिजल्यावर त्याचं तेल होतं. जास्त तापलं तर वायू. मग ते सच्छिद्र खडकात वर सरकत जातं आणि वर घट्ट खडकाचं झाकण मिळालं तरच साठून राहतं. जमिनीखाली तेलाची तळी नसतात. भिजलेल्या विटेतल्या पाण्यासारखं ते खडकातच असतं.

जाता जाता, डायनोसॉरचं पेट्रोल होतं ही समजूत शाळेच्या दप्तरातच सोडून द्यावी.

कोकणात रिफायनरी झाली तर पेट्रोल स्वस्त होईल का?

नाही. प्रकल्पाच्या बाजूच्या आणि विरोधातल्या लोकांनी आपापली कारणं जरूर मांडावीत, पण हे कारण नको. नाणारची मूळ योजना वर्षाला सहा कोटी टनांची होती, सौदी अराम्को आणि अबुधाबीची ॲडनॉक भागीदार होत्या. विरोधामुळे ती जागा गेली, नंतर बारसू-सोलगावचं नाव आलं आणि एप्रिल २०२३ मध्ये माती परीक्षणावरून तिथे आंदोलन पेटलं. बारसूच्या सड्यावरच्या कातळशिल्पांचाही प्रश्न होता. रोजगार, आंबा-काजू, मासेमारी, जमिनी या खऱ्या वादाच्या गोष्टी आहेत. भावाचं म्हणाल, तर माहुलच्या रिफायनऱ्या १९५४-५५ पासून मुंबईत आहेत. मुंबईकराला त्याचा काय फायदा झाला? माहुलकरांना विचारलं तर ते वासाबद्दलच बोलतील.

परभणीत पेट्रोल महाग आणि गोव्यात स्वस्त, असं का?

परभणीचं कारण वाहतूक. माहुलचं पेट्रोल नळाने मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोत येतं. दुसरा एक नळ लोणी काळभोरवरून सोलापूरजवळच्या पाकणीला जातो. तिथून पुढे टँकर. पानेवाडी ते परभणी तीनशे किलोमीटरच्या आसपास, आणि हे भाडं भावात धरतात, त्यावर व्हॅटही लागतो. राज्यातलं सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव अनेक वर्षं बातम्यांत येत राहिलं ते यामुळे. ऑक्टोबर २०२४ मध्ये कंपन्यांनी राज्यांतर्गत भाड्याच्या हिशेबात बदल केले, काही दूरच्या भागांना थोडा दिलासा मिळाला.

गोव्याचं कारण कर. केंद्राचा कर दोन्हीकडे सारखाच, पण राज्याचा कमी. २०१२ मध्ये तर मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला होता आणि भाव लिटरला ११ रुपयांनी उतरला होता. पुढे तो टप्प्याटप्प्याने परत चढला. तरीही सिंधुदुर्गापेक्षा लिटरमागे सात-आठ रुपयांचा फरक २०२५ मध्ये होता. पत्रादेवीचा नाका ओलांडला की पहिल्या पंपावर एमएच ०७ च्या गाड्या दिसतात. बांदा, सावंतवाडीहून कामाला जाणारे येताना टाकी फुल्ल करूनच येतात. नवापूर, तलासरीकडचे लोक गुजरातच्या पंपांवर हेच करतात. सीमेवरच्या महाराष्ट्रातल्या पंपचालकांचं रडगाणं खरं आहे.

पेट्रोल जीएसटीत आणलं तर?

राज्यघटनेत दार उघडं आहे. जीएसटी परिषदेने तारीख सुचवली की कच्चं तेल, पेट्रोल, डिझेल, विमानाचं इंधन आणि नैसर्गिक वायू जीएसटीत येऊ शकतात. १७ सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि ही वेळ नव्हे म्हणून बाजूला पडला. कारण उघड आहे. करपूर्व ५६-५७ रुपयांवर सप्टेंबर २०२५ पर्यंतचा २८ टक्क्यांचा वरचा दर लावला तर कर १६ रुपये होतो, ४७ नाही. तेवढं पाणी कुणी सोडत नाही. दारू, मुद्रांक आणि पेट्रोल एवढीच राज्यांच्या हातातली मोठी बटणं उरली आहेत. जीएसटी आलाच तर वर वेगळा अधिभार घेऊनच येईल.

केंद्राच्या बाजूला आणखी एक मेख आहे. २१ रुपये ९० पैशांपैकी राज्यांबरोबर वाटून घ्यावं लागतं ते मूळ उत्पादन शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे. बाकीचं विशेष शुल्क, रस्ते उपकर, कृषी उपकर अशा नावांनी थेट केंद्राकडे राहतं.

वीस टक्के इथेनॉल मिसळतात, ते तर उसाचं. मग भाव का कमी नाही?

कारण इथेनॉल स्वस्त नाही. २०२४-२५ च्या हंगामात सरकारने ठरवलेला दर साखर काढून उरलेल्या शेवटच्या मळीच्या (सी हेवी) इथेनॉलला लिटरला ५७ रुपये ९७ पैसे, थेट उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५ रुपये ६१ पैसे आणि मक्याच्या इथेनॉलला ७१ रुपये ८६ पैसे होता. रिफायनरीच्या पेट्रोलपेक्षा जास्तच. फायदा होतो तो परकीय चलनाचा आणि आपल्याकडच्या साखर कारखान्यांचा, ज्यांना उसाची बिलं भागवायला दुसरा आधार मिळाला. तोही भरवशाचा नाही: डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्राने रसापासूनच्या इथेनॉलवर ऐन गाळपात निर्बंध घातले आणि नव्या डिस्टिलऱ्यांसाठी कर्ज काढलेले कारखाने अडकले.

गिऱ्हाइकाची तक्रार मायलेजची आहे आणि ती रास्त आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा एक तृतीयांशाने कमी. नीती आयोगाच्या आराखड्यातच जुन्या चारचाकींचं मायलेज ६-७ टक्के आणि दुचाकींचं ३-४ टक्के घटेल असं म्हटलं होतं. लिटरमध्ये ऊर्जा कमी आणि भाव तोच, म्हणजे किलोमीटरमागे दरवाढच झाली. ती कुठल्याही फलकावर दिसत नाही एवढंच.

होर्मुझची सामुद्रधुनी बंद पडली तर?

इराण आणि ओमानच्या मधला हा पट्टा सर्वांत अरुंद जागी तेहतीसेक किलोमीटर आहे आणि जगात लागणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा तिथून जातो. तिथे नुसती कुरबुर झाली तरी जहाजांचा विमा महागतो आणि भाव चढतो. भारताने विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथे जमिनीखालच्या कातळात गुहा खोदून ५३ लाख टनांचा साठा करता येईल अशी सोय केली आहे. पूर्ण भरला तरी साडेनऊ दिवसांची गरज भागेल. कंपन्यांच्या टाक्यांतला माल वेगळा.

पहाटे पेट्रोल टाकलं की जास्त मिळतं? शंभरऐवजी एकशेदहाचं टाकावं?

पेट्रोल एका अंशाला साधारण ०.१ टक्का फुगतं. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथे दिवसरात्रीत एखाद्या अंशाचाही फरक मुश्किलीने पडतो. पाच लिटरमागे चमचाभर. झोप मोडू नये. एकशेदहाचा उपाय तर निव्वळ भ्रम, कारण यंत्र लिटर मोजतं, नोटा नाही.

मग मापात मारलं किंवा भेसळ आहे असं वाटलं तर काय करायचं?

मापासाठी प्रत्येक पंपावर वैधमापन विभागाने शिक्का मारलेलं पाच लिटरचं भांडं ठेवावंच लागतं. ते मागा आणि त्यात पाच लिटर ओतायला सांगा. २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो, त्याहून जास्त कमी भरलं तर त्या नोझलची विक्री थांबवायला हवी. भांडं "साहेबांच्या केबिनमध्ये कुलपात आहे" असं उत्तर आलं तर तेच तक्रारीत लिहा.

भेसळीसाठी घनता बघा. टँकर रिकामा होतो त्या वेळी कधी पंपावर असाल तर दोन मिनिटं थांबा. मॅनेजर टँकरवर चढून झाकणाचं सील तपासतो, काचेच्या उंच जारमध्ये नमुना घेतो, त्यात हायड्रोमीटर, म्हणजे घनता मोजायची काचेची नळी, सोडतो, थर्मामीटर बघतो आणि तक्त्यावरून १५ अंश तापमानाची घनता (घनमीटरला किती किलो) काढतो. ती डेपोच्या चलनावरच्या आकड्याशी ३ एककांच्या आत जुळली नाही तर टँकर खाली करायचा नसतो. मग टाकीत सळई बुडवतात. तिच्या टोकाला लावलेल्या पेस्टचा रंग बदलला तर तळाशी पाणी आहे. इथेनॉलमुळे या पाण्याची भीती वाढली आहे, कारण पाणी शिरलं की इथेनॉल पेट्रोलला सोडून त्याच्याबरोबर तळाशी बसतं आणि त्या मालावर गाडी चालत नाही. हीच घनता वितरण यंत्रावरही दिसते. पेट्रोलसाठी ती ७२० ते ७७५ च्या दरम्यान हवी. नमुना तपासून दाखवा असं म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे, आणि फिल्टर पेपरही पंपावर फुकट मिळायला हवा: नोझल पुसून एक थेंब टाका, दोन मिनिटांत उडून जाईल, डाग राहिला तर शंका घ्यायला जागा आहे. तक्रार वैधमापन विभागाकडे मापाची करा, मालाची करायची असेल तर तेल कंपनीकडे. बिल मात्र आधी हातात घ्या, त्यावर नोझल क्रमांक आणि वेळ असते.